गुरुजींची डायरी आणि खानसाहेबांचा नमाज

रोज अकोला ते अमरावती अप-डाउन करणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. ते डब्यातल्या शेंगांच्या टरफलांसारखे आपोआप साचत जातात. आमचं टोळकं चौघांचं. अमरावतीच्या राजापेठेतल्या एका ऑफिसात फायली सरकवणारा मी, बँकेतल्या तायडे मॅडम, भूगोल शिकवणारे वानखडे गुरुजी आणि कॉलेजच्या लायब्ररीतले खानसाहेब. पैकी खानसाहेब परतीच्या गाडीत संध्याकाळचा नमाज पढतात आणि गुरुजी त्यांच्यावर संशय घेतात. दोघांचंही अगदी नेमानं चालतं!

*

अप-डाउनवाल्यांचा एक कायदा आहे. जो आधी पोचेल त्यानं बाकीच्यांसाठी सीटवर रुमाल टाकायचा. एकदा खानसाहेब आधी पोचले, पण खिशात रुमालच नव्हता. त्यांनी सरळ नमाजाची चटई काढली आणि बाकड्यावर आडवी अंथरली.

आम्ही येऊन बघतो तर डबा खचाखच, माणसं दारात लटकलेली आणि आमचं बाकडं रिकामं! समोरच्या बाकड्यावरही कुणी नाही. चटईजवळ बसायची कुणाची छाती होईना.

"खानसाहेब, उद्यापासून रुमाल नोका आणू, हेच टाकत जा!" तायडे मॅडम म्हणाल्या.

आम्ही खो-खो हसलो. खानसाहेबही हसले, पण आमच्यापेक्षा थोडं उशिरा.

*

मग स्टेशनावर भोंगा सुरू झाला. बेवारस वस्तूला हात लावू नका, संशयित व्यक्ती दिसल्यास कळवा. आम्ही ते ऐकून सोडून दिलं. गुरुजींनी मात्र त्याच दिवशी डायरी घेतली.

खानसाहेबांनी चटई अंथरली की गुरुजी लिहायचे. तारीख, वेळ, कितवा डबा. शिवाय डब्यात पोलीस आहेत की नाहीत, तेही. "उद्या तक्रार करायची वेळ आली तर पुरावा पाह्यजे ना जी," असं त्यांचं म्हणणं.

महिनाभरानं त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "वेळ सरकून राहिली."

"कशाची?"

"नमाजाची! दर दोन-तीन दिवसांनी एक मिनिट. हा काहीतरी इशारा हाय."

तायडे मॅडमनी ते ऐकलंच. "गुरुजी, त्यायचा हा नमाज दिवस मावळला की असते. तुमी भूगोल शिकवता ना? मंग सूर्यालेच नोटीस पाठवा!"

गुरुजी ओशाळले. पण डायरी बंद केली नाही.

*

चटई अंथरण्याआधी खानसाहेब रोज एकच प्रश्न विचारतात, "बडनेरा गेलं काय?"

गुरुजींनी तो प्रश्न डायरीत लाल शाईनं लिहून ठेवला होता. रोज बडनेऱ्याचीच चौकशी का? तिथं काय आहे? कोण भेटणार आहे?

शेवटी मीच विचारलं. खानसाहेब म्हणाले, "भाऊ, बडनेऱ्यापर्यंत गाडीचं तोंड भलतीकडं असते. तिथून ती पश्चिमेले लागते. आमाले तोंड पश्चिमेले करा लागते. अंधारात दिसत नाही, म्हणून विचारतो."

मी हे गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "हे त्यानं तुले सांगतलं. खरं असंलच कशावरून?"

आता पश्चिम तरी खरी मानायची की नाही!

*

खानसाहेबांची बॅग हा वेगळाच विषय. ते नमाजाला उभे राहिले की बॅग सीटवर एकटी पडायची आणि गुरुजी तिच्याकडे डोळे वटारून बसायचे. तिच्यात पुस्तकं आणि डबा असतो हे आम्हाला ठाऊक होतं. तिच्यातली वांग्याची भाजी गुरुजींनीच तीन वेळा खाल्ली होती!

एके दिवशी खानसाहेबांनी चटई उलगडता उलगडता बॅग उचलली आणि गुरुजींच्या मांडीवर ठेवली. "गुरुजी, तुमी तसेबी पाहूनच राहिले. मंग नीट पाहा. मागच्या हप्त्यात माही छत्री गेली."

तेव्हापासून बॅगेची राखण गुरुजींकडे. ते बॅग मांडीवर धरून बसायचे आणि तिच्यावरच डायरी टेकवून लिहायचे!

*

मागच्या हिवाळ्यात खानसाहेबांनी अचानक चटई अंथरणं बंद केलं. खिडकीशी बसल्या बसल्याच नमाज पढायचे, ओठ तेवढे हलायचे.

"आज बसून. लपवून. कारण काय?" गुरुजींनी लिहिलं.

कारण खानसाहेबांनी मला सांगितलं होतं. त्यांची मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून निवडली गेली होती आणि तिचं पोलीस व्हेरिफिकेशन चालू होतं. "तिची ऑर्डर येईपर्यंत माहं नाव कोणत्याच कागदावर नाई आलं पाह्यजे भाऊ. कोण कवा व्हिडिओ काढंल आन् कुठं पाठवंल, सांगता येते काय? एकदा ठाण्यात नाव लागलं की पोरीची नोकरी गेली."

मी म्हणालो, "काही होत नाही हो." म्हणायला काय जातं!

*

आणि झालं ते पंधरा दिवसांतच. कुणीतरी फोन केला असावा. मूर्तिजापूरला गाडी थांबली आणि एक हवालदार थेट आमच्यापुढे आला. खानसाहेबांचे ओठ हलत होते.

"हा माणूस काय पुटपुटून राहिला? कोण ओळखते याले?"

नऊ वर्षं एका डब्यात बसलेली माणसं आम्ही. मी खिडकीबाहेर पाहिलं. तायडे मॅडम पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

उठले ते वानखडे गुरुजी! "मी ओळखतो. तीन वर्षांपासून नजर ठेवून हाओ याच्यावर. हे पाहा, रोजची नोंद हाय. काहीच नाई सापडलं साहेब!" आवाजात चक्क निराशा होती.

हवालदारानं डायरी घेतली आणि मोठ्यानं वाचायला लागला. "बडनेरा, पाच बावन्न. डबा तिसरा. पोलीस नाहीत. बडनेरा, पाच त्रेपन्न. डबा चौथा. पोलीस नाहीत." त्यानं पानं उलटली. सगळीकडे तेच. मग त्यानं गुरुजींकडे खालून वर पाहिलं.

"तुमी बसा," तो खानसाहेबांना म्हणाला. "आन् तुमी चला खाली!"

गुरुजींचा चेहरा पांढराफटक. खानसाहेबांची बॅग अजून त्यांच्या हातातच होती.

"यायले कोण ओळखते? नाव, पत्ता लिहून सही करा लागंल."

मी पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. आजही त्याची लाज वाटते.

खानसाहेब उठले. "मी ओळखतो. आमचे गुरुजी हायेत ते. लिहा साहेब." आणि त्यांनी आपलं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, अकोल्याचा पत्ता, सगळं सावकाश सांगितलं आणि हवालदाराच्या कागदावर सही केली.

गाडी सुटली. खानसाहेब खिडकीशी डोळे मिटून बसले. गुरुजींनी घाम पुसला, परत मिळालेली डायरी उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले,

"त्यानं माह्यासाठी सही काहून केली असंल? काहीतरी हाय बरं याच्यात!"