स्कीच्या टोकात काय भरावं

माझे यजमान फौजेतून कायमचे घरी आले तेव्हा त्यांच्या डाव्या पायाला बोटं नव्हती. बर्फाने नेली होती. आमच्या बालाघाटात कुणाला हे खरं वाटत नसे. भेटायला येणारा प्रत्येक जण पाय बघायला मागायचा आणि ते मुकाट्याने मोजा काढायचे. सकाळची शाळा शिकवून मी घरी यायची, मग स्वयंपाक, सासूबाईंचं दुखणं, त्यात ह्या पाहुण्यांचा चहा. दुपारपर्यंत अंगात त्राण उरत नसे.

उन्हाळ्यात त्यांनी अंगणात लाकूड आणून टाकलं. स्की करायच्या म्हणाले, बर्फावर घसरत जायला पायाला बांधतात त्या लांब पट्ट्या. सासूबाईंनी विचारलं, इथे बर्फ कुठून आणशील? ते लाकूड मापत राहिले.

मधे धावड्याच्या लाकडाचा गाभा, त्याच्या वर-खाली पातळ फळ्या. पुढचं टोक वर वळवायला फळ्या धान उकडायच्या मोठ्या पातेल्यावर, गंजावर, वाफवल्या. जाड गाभा मात्र वळेना. तो टोकाच्या आधीच संपवला, तेव्हा पुढे दोन फळ्यांमध्ये पोकळी राहिली. तिच्यात काय भरायचं, इथे सगळं अडलं.

आधी सावरीचं लाकूड बसवलं, हलकं म्हणून. चिकटवायला लागणारा सरस शिजवायचं काम माझ्याकडे आलं, घरभर वास सुटला. वाळल्यावर त्यांनी ते टोक पाण्याच्या टाक्यात बुडवून ठेवलं. सरस विरघळला, सावरी फुगली, फळ्या उघडल्या. मग बांबूच्या कामट्या लावल्या, त्या वळणावर तडकल्या. दर वेळी टोक उकलायचं, घासायचं आणि पुन्हा सरस शिजवायचा. एका रविवारी मी कंटाळून विचारलं, "टोक थोडं उघडं राह्यलं तर काय बिघडते?"

"त्यात बर्फ घुसते," ते म्हणाले. "मंग पट्टी फाटते. आमच्यातल्या एकाची फाटली, तो पडला. त्याले पाठीवर घेऊन चालत राह्यलो, त्यात माहे बोटं गेले. तो काही वाचला नाही."

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी सरसाचं भांडं चुलीवरून उतरवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना सायकलच्या दुकानातून फाटक्या ट्यूब मागून आणल्या. त्यांनी रबराचे तुकडे टोकाच्या मापाने कापले. मी ते दोन्ही बाजूंनी पॉलिशपेपरने खरबरीत केले. पंक्चरचं सोल्यूशन लावायचं, बोटाला चिकटेनासं झालं की थरावर थर बसवायचा, वरून फळी दाबायची आणि मसाल्याचा पाटा ठेवायचा. पाण्यात ठेवूनही ते टोक सुटलं नाही.

दोन्ही स्की तयार झाल्यावर त्यांनी अंगणात बर्फाऐवजी भाताचं तणस पसरलं, त्या पायांना बांधल्या आणि माझा खांदा धरून थोडे सरकले. डाव्या पायावर तोल राहीना.

"बस झालं," ते म्हणाले.

मी खाली बसून पट्टे सोडले. ते आत जाऊन आडवे झाले आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपले. फौजेतून आल्यापासून त्यांना इतकं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. तणस झाडायचं होतं, मुलांच्या वह्या तपासायच्या होत्या. मी भिंतीला टेकून त्यांच्याजवळ बसले आणि माझाही डोळा लागला.

पावसाळ्यानंतर त्यांना जवळच्या भरवेलीच्या खाणीत हजेरी घ्यायचं काम मिळालं. स्की माळ्यावर गेल्या. त्यांनी पाठीवर घेतलेला तो माणूस कोण होता, कुठल्या गावचा, हे मी कधी विचारलं नाही. ते सायकलने घरी यायचे तेव्हा धुळीने माखलेले असायचे, मी शाळेतून दमून आलेली. आम्ही जेवायचो आणि उद्या भाजी काय करायची ते बोलायचो.