चतुराबाईंचं दोन बोटं सरकलेलं फूल

चतुराबाई जवळा बाजार या गावात ब्लाउज शिवतात. फिटिंगच्या तक्रारीवर त्यांचं एकच उत्तर असतं, "ब्लाउज बराबर हाय, तुमीच बदलल्या." बहुतेक वेळा ते खरंही असतं. खडूवर मात्र त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. खडू पुसतो. म्हणून खडूच्या खुणेवर आधी कच्चा टाका घालायचा आणि मगच कात्री उचलायची, ही त्यांची पद्धत. पुढं जे झालं ते या पद्धतीमुळं झालं; कॅन्सरकडं फक्त निमित्त होण्याचं काम होतं.

अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या स्तनात गाठ सापडली. लहान होती, ती नांदेडला काढली. मग डॉक्टर अनुश्री मॅडम म्हणाल्या की आता किरणांचे शेक द्यायचे, म्हणजे ती तिथंच परत येण्याचा धोका बराच कमी होतो. मॅडम प्रामाणिक होत्या, त्यामुळं त्यांनी हेही सांगून टाकलं की या किरणांमुळंच पुढं दहा-पंधरा वर्षांनी एखादीला दुसरा कॅन्सर होऊ शकतो. शंभरात जेमतेम एखादीला.

"ती एखादी कोण?" अमृतरावांनी विचारलं. हे चतुराबाईंचे मालक, एसटीतले निवृत्त कंडक्टर.

"ते आधी कळत नाही, आजोबा."

"म्हंजे तिकीट आधी फाडायचं, अन् गाडी कुठं जाऊन राहिली ते उतरल्यावर कळंल."

चतुराबाईंची शंका वेगळी होती. "किरण इकडंतिकडं गेला तर वो?"

"जाऊ नये म्हणून तर अंगावर खुणा करतो. तेवढ्या पुसू देऊ नका."

मशीनवाल्या नरसिंगनं छातीवर एक आणि दोन्ही कुशींना एकेक अशा जांभळ्या शाईच्या फुल्या काढल्या. दिवस उन्हाळ्याचे होते. शेक सुरू व्हायला चार दिवस होते आणि नांदेडहून घरी पोचेपर्यंत घामानं एका फुलीचा पाय गेला होता. चतुराबाईंनी आरशात पाहिलं. खडूच तो.

बाजाराच्या दिवशी त्या रूपाबाईच्या पालात गेल्या. रूपाबाई बॅटरीच्या मशीननं पोरांच्या मनगटावर पोरींची नावं गोंदते. तिनं दोन्ही कुशीतल्या फुल्या जिथल्या तिथं गोंदल्या. छातीवरची बघून मात्र तिनं तोंड वाकडं केलं.

"हे कुन्या येड्यानं काढलं, माय? एका अंगाला गेलंय. अन् फुली काहून? फुली काय शोभती व्हय?"

तिनं ती खूण दोन बोटं सरकवून मधोमध घेतली आणि तिचं चार पाकळ्यांचं फूल केलं. जुन्या शाईचा डाग तिनं ओल्या फडक्यानं पुसून दिला. त्याचं काही घेतलं नाही.

शेकाच्या पहिल्या दिवशी नरसिंग त्या फुलाकडं बराच वेळ बघत उभा राहिला. मग त्यानं पट्टी आणली. मग मॅडमना आणलं. मॅडमनी आणखी एका चष्मेवाल्याला आणलं. तिघांनी आळीपाळीनं मोजलं.

"आजी, हे काय?" मॅडमनी विचारलं.

"पक्कं केलं," चतुराबाई म्हणाल्या. "तुमची शाई टिकून न्हाई राहिली."

मॅडम रागावल्या. कातडी भरेपर्यंत थांबावं लागलं, पुन्हा स्कॅन झाला, पुन्हा शाई आली. शेक नीट पार पडले. गावात मात्र वेगळीच बातमी पसरली. चतुराबाई बऱ्या झाल्या त्या फुलानं. आजारी नसलेल्या बायका रूपाबाईकडून छातीवर 'नांदेडचं फूल' गोंदवून घेऊ लागल्या. अमृतरावांनी एकदोघींना समजावलं. त्या बायकांनी उलट विचारलं, "तुमाला फूल हाय का? मंग?"

चतुराबाई या गमतीवर कधी हसल्या नाहीत. आपण फूल सरकवून घेतलं आणि किरण भलतीकडं गेला, हे त्यांच्या मनात बसलं होतं. दर तपासणीला त्या रिपोर्ट न बघता मॅडमचं तोंड बघत.

यंदा ते तोंड बदललं. उजव्या स्तनात बारीक गाठ होती.

"निघाली म्हणा की हीच ती एखादी," अमृतराव म्हणाले आणि टोपी काढून बसले.

मॅडमनी समजावलं. एकदा हा आजार झालेल्या बाईला दुसऱ्या बाजूला तो नव्यानं होऊ शकतो, शेक घेतलेले असोत वा नसोत. अशा दुसऱ्या कॅन्सरांतले बहुतेक किरणांमुळं नसतातच. नेमका हा कशामुळं, ते ठामपणे कुणालाच सांगता येणार नाही.

चतुराबाईंनी पदर नीट केला. "त्या फुलावर किरण सोडला होता का? पहिल्या दिशी?"

"अजिबात नाही. पट्टी लावली तेव्हा मशीन बंदच होतं. चालू केलं ते नव्या खुणांवर."

"मंग हा माज्या फुलाचा न्हाई."

"फुलाचा नाही, आजी."

अकरा वर्षांनी चतुराबाईंनी खुर्चीला पाठ टेकली. "मंग काढा," त्या म्हणाल्या. अमृतराव त्यांच्याकडं अशा नजरेनं बघत राहिले, की बाईला नेमका काय रिपोर्ट मिळाला तेच त्यांना कळेना.

गाठ निघाली. पुन्हा शेक ठरले. नरसिंगचे केस आता पिकले होते आणि शाईची बाटली गेली होती. त्याच्या हातात सुई होती.

"आता आम्हीच कायमचा ठिपका गोंदतो, आजी," तो जरा खाली बघून म्हणाला. "पुसत नाही."

चतुराबाईंनी मान वाकवून तो मोहरीएवढा निळा ठिपका पाहिला. शेजारी रूपाबाईचं फूल होतं, मधोमध, ठसठशीत.

"पुसत न्हाई ते मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "बराबर जागी हाय का, ते बघ."

नरसिंगनं निमूटपणे पट्टी घेतली आणि पुन्हा मोजलं.