धाकूची खुंटी

सन १९३१, फेब्रुवारीची सतरा तारीख, सकाळचे साडेसात. तिथून हे सुरू झाले. बायकोला मी हे सांगितले नाही, ती गेली. मुलांना सांगितले नाही. आज तुम्हांला सांगतो. मध्ये थांबलो तर थोडे थांबा.

श्रीवर्धनला एका व्यापाऱ्याच्या सुपारीच्या वखारीत मी मुकादम होतो. बागांतून उतरवलेली सुपारी आमच्याकडे वाळे, सोलली जाई आणि गोणीत भरून मुंबईला जाई. झाडावर चढणारे गडी सकाळी टोपल्या घेऊन येत. प्रत्येकाच्या कमरेला मागच्या बाजूस लाकडी आकडी आणि त्या आकडीत अडकवलेला कोयता. झाडावर दोन्ही हात मोकळे लागतात.

पूर्वी एकदा वखारीत दोन गडी भांडले आणि एकाने दुसऱ्याचा कान उतरवला. त्यानंतर मी नियम केला — पात्याची वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही. दाराबाहेरच्या भिंतीत खुंट्या ठोकल्या, ज्याची त्याला नेमून दिली. गड्याने कोयता खुंटीला लावायचा, उंबऱ्यापाशी वळून मला पाठ दाखवायची. आकडी रिकामी दिसली की आत. सोलणाऱ्या बायकांची पातीसुद्धा जाड पाटांना ठोकलेली होती, हातात घेऊन उठता येत नसे. खुद्द मालक आपला अडकित्ता बाहेर ठेवून येत. या बाबतीत मुकादम कोणाची गय करत नाही, असे गावात बोलले जाई. मलाही ते खरे वाटे.

त्या सकाळी मालकांचे जावई दारात आले. आदल्या दिवशी मुंबईहून आगबोटीने उतरले होते. लग्नानंतरची पहिलीच खेप. हातात वेताची जाड काठी, मुठीखाली पितळी कडे. काठी उंबऱ्यावर टेकली तेव्हा आतून धातूचा आवाज आला. ती गुप्ती होती — काठीच्या पोटात दडवलेले लांब पाते. मला कळले नाही, असे मी पुढे सांगितले. पण कळले होते. जावयाला दारात अडवायचे? पहिल्या खेपेला? मी बाजूला सरलो.

त्यांच्या मागे धाकू होता. आमच्या गड्यांत सर्वांत सफाईने चढणारा. कोयता खुंटीला लावून त्याने पाठ दाखवली आणि मान वळवून म्हणाला,

"मुकादम, आमची पाठ रोज बघता. पावन्यांच्या काठीचा पोट कोन बघनार?"

मागचे गडी हसले. एक जण म्हणाला, "जावई हाय तो, धाकूदादा. त्याची आरती करतात, झडती न्हाय."

पुन्हा हसले. जावई आत दोन पावलांवर उभे होते. त्यांनी सगळे ऐकले. मी म्हणालो, "तोंड आवर, धाकू. आत जा."

अजून वेळ होती. आत जाऊन, हात जोडून ती काठी मागता आली असती. मी दारातच उभा राहिलो.

थोड्या वेळाने जावयांचा आवाज चढला. धाकूने टोपली मुद्दाम अंगावर आणली, असे त्यांचे म्हणणे. धाकूचे उत्तर मी ऐकले — "वाट सोडा, सायेब, वझा हाय." मी पोचलो तेव्हा पाते बाहेर आले होते. ते छातीला लागू नये म्हणून धाकूने उजव्या मुठीत धरले होते. जावयांनी ते ओढून घेतले. मुठीतून.

सुपारीच्या झाडावर माणूस मुठींच्या जोरावर चढतो. याहून अधिक काय सांगू?

गड्यांनी त्याला उचलून वैद्यांकडे नेले. बायका भिऊन विहिरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आरडाओरड ऐकून मालक आले. आत ते, जावई आणि मी. मालक जमिनीकडे पाहत म्हणाले, "मुकादम, धाकूजवळ कोयता होता ना?"

इथवर जे सांगितले, ते थोडेफार गावालाही ठाऊक होते. पुढचे ठाऊक नाही. मी दाराबाहेर गेलो. धाकूचा कोयता त्याच्या खुंटीवरून काढला, आत आणला आणि रक्तापाशी ठेवला. नियम झाल्यापासून उंबऱ्याच्या आत आलेला तो पहिला कोयता. तो ठेवलेला दिसत होता — हातातून पडलेला वाटावा म्हणून मी तो एकदा पायाने सरकवला.

फौजदार आला. धाकूची बायको भागी आमच्याकडेच सोलायला बसे. ती पुढे होऊन म्हणाली, "कोयता खुंटीवं व्हता. माज्या डोल्यांनी बघितला. मुकादमाला इचारा. तो खोटा बोलनार न्हाय."

मी म्हणालो, "आज त्याने पाठ दाखवली नाही. बायको नवऱ्याचेच सांगणार."

दोन गडी काही बोलायच्या बेतात होते. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांना उद्याही कामाला यायचे होते. ते मागे सरले. भागी माझ्याकडे पाहत होती. मी फौजदाराकडे पाहत होतो.

कोर्टातही मी तेच सांगितले. गुप्ती स्वसंरक्षणासाठी काढली, असे ठरले. धाकूला सहा महिन्यांची सजा झाली. सुटून आल्यावर मालकांनी त्याला दया म्हणून वखारीत झाडलोटीला ठेवले. उजव्या हाताची बोटे मिटत नव्हती. कोयता उरला नव्हता, तरी तो आकडी बांधून येई. रोज उंबऱ्यापाशी वळे आणि रिकामी आकडी मला दाखवून उभा राही — मी 'जा' म्हणेपर्यंत. तो मरेपर्यंत, वर्षानुवर्षे, मी 'जा' म्हणत राहिलो. मुकादम कडक, पण सरळ, असेच लोक बोलत राहिले. मी कोणाचे बोलणे दुरुस्त केले नाही.

मला भीती वाटली होती का? वाटली होती. ते पाते समोर आले तेव्हा धाकूलाही वाटली असेल. त्याने हात पुढे केला.

त्या दिवशीचे एक काम सांगायचे राहिले. संध्याकाळी गडी आपापले कोयते काढून घरी गेले. धाकूचा कोयता फौजदाराने नेला होता. त्याची खुंटी तेवढी दिवसभर मोकळी दिसत होती. मी ती हलवून हलवून उपटली. पानाच्या डबीतला सगळा चुना बोटाने काढला, भोक बुजवले आणि तळव्याने भिंत सारखी केली.