चार चाकांची मोटारसायकल

त्या उन्हाळ्यात तो आमच्या सूर्यमाळला चार चाकांची बुटकी टू-स्ट्रोक मोटारसायकल घेऊन यायचा. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून ओतायचा आणि निळा धूर सोडत पायवाटांवरून एकटाच हिंडायचा. जागा बघणारा दलाल असणार, अशी माझी खात्री होती.

एकदा त्याने विचारलं, "दादा, जुना झरा कुठं आहे?"

आमचा अख्खा पाडा त्या झऱ्यावर पाणी भरतो. मी मुद्दाम उलटी वाट दाखवली.

दुसऱ्या दिवशी गाडीवर त्याच्या मागे एक म्हातारी होती, लुगड्याने त्याच्या पाठीशी बांधलेली.

"आई इथलीच. तिला चालवत नाही, म्हणून आधी मीच वाट शोधत होतो," तो म्हणाला.

म्हातारीने नेमकं झऱ्याकडे बोट केलं. मग मला निरखत विचारलं, "तू कोनाचा रं?"

मला बापाचं नाव सांगवेना.