यूपीएस किती मिनिटांचा घ्यायचा?

सातपूरच्या आमच्या कंपनीत एका दुपारी मी हातात स्टॉपवॉच घेऊन अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला पळायला लावलं होतं. परवा एका मैत्रिणीने यूपीएसबद्दल सल्ला विचारला आणि ते सगळं डोळ्यासमोर आलं...

साल दोन हजार पाच-सहा असेल. लोडशेडिंगने जीव नकोसा केला होता. आमच्याकडे एका खोलीत चार सर्व्हर, आणि कॉम्प्युटर डिपार्टमेंट म्हणजे एकटी मी. प्रत्येक सर्व्हरला एक छोटा यूपीएस, तो जेमतेम चार मिनिटं तग धरायचा. लाईट गेली की मी हातातलं सगळं टाकून सर्व्हर बंद करायला धावायचे.

जनरेटर होता हो. पण पार मागच्या कंपाउंडला, शेडमध्ये, आणि तो चालू करायचे नामदेवकाका. काका गिरणारे गावाकडचे, पूर्वी प्रेस मशीनवर होते. गुडघा गेला म्हणून साहेबांनी त्यांना गेटवर बसवलं आणि जनरेटरची चावी दिली. वेळापत्रकाप्रमाणे लाईट जायची असली की काका आधीच शेडमध्ये जाऊन बसायचे. पंचाईत व्हायची ती न सांगता जाणाऱ्या लाईटची.

शेवटी चारही सर्व्हरसाठी एकच मोठा यूपीएस घ्यायचं ठरलं. विकणारा म्हणाला, पाच मिनिटांचा बॅकअप पुरे, सोबत जनरेटर आपोआप चालू करणारं पॅनेल बसवा. साहेब म्हणाले, "आधी काकांना किती वेळ लागतो बघ. पाच मिनिटांत जमत असेल तर पॅनेल कशाला?"

पॅनेल आलं की गेटवर सिक्युरिटी एजन्सीचा माणूस येणार आणि काका घरी, हे अख्ख्या कॅन्टीनला माहीत होतं. मला मात्र पत्ताच नव्हता. मी आपली किलोवॅट आणि बॅटऱ्यांच्या हिशेबात गुंग... काकांना सांगून टाकलं, "काका, गुरुवारी दुपारी मेन स्विच पाडून तुमचा टाईम घेणार आहे हं."

गुरुवारी काका अक्षरशः धावले. तीन मिनिटांच्या आत जनरेटरची लाईट सर्व्हर रूममध्ये आली. मी खाली गेले तर काका शेडच्या खांबाला धरून उभे, घामाने निथळत होते, आणि हसत होते. "बसलं का ताई टायमात?" मी म्हटलं, मस्त बसलं की. आणि रिपोर्टमध्ये ऐटीत लिहिलं, पाच मिनिटांचा यूपीएस पुरेसा आहे.

ऑर्डर जायच्या आधीच, सोमवारी, न सांगता लाईट गेली. मी खिडकीशी जाऊन बघते तर काका भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टाकत चाललेले. छोटे यूपीएस टीं टीं करून गप्प झाले. चारही सर्व्हर पडले.

मी तणतणत शेडवर गेले. खोटं कशाला बोलू, चांगलंच सुनवायचं ठरवून गेले होते. काका खोक्यावर बसले होते, पँट वर केलेली, गुडघ्याला क्रेप बँडेज, आणि गुडघा हा एवढा सुजलेला.

"तुमी घड्याळ लावणार म्हटल्यावर रोज सकाळी शिफ्टच्या आधी पळून बघत होतो ताई," ते म्हणाले. "त्या दिवशी इंजिनबी आधीच गरम करून ठेवलं व्हतं. पॅनेल आलं की मी घरी. पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष हाय. तेवढं निघालं पायजे."

मला माझीच इतकी लाज वाटली, काय सांगू... मी त्यांना टाईम विचारला होता, आणि त्यांनी माझ्यासमोर नोकरी वाचवायची धडपड केली होती.

गुडघ्याची सूज उतरल्यावर आम्ही पुन्हा टाईम घेतला. या वेळी मी त्यांच्या बरोबरीने, त्यांच्या चालीने चालले. कुलूप, स्टार्टर, इंजिन तापणं, लाईन जनरेटरवर घेणारा चेंजओव्हर स्विच, सगळं धरून आठ मिनिटं. मी नवीन रिपोर्ट लिहिला... पॅनेल नको, यूपीएस अर्ध्या तासाचा.

साहेब म्हणाले, "अर्धा तास? एवढ्या बॅटऱ्या कशाला?" मी सरळ सांगून टाकलं, की काकांना आठ मिनिटं लागतात, गुडघा दुखत असला तर कितीही जास्त, आणि पहिला आकडा मी त्यांना पळवून काढला होता आणि तो चुकीचा होता. साहेबांनी एवढंच विचारलं, "बॅटऱ्यांचा रॅक ठेवणार कुठे?" मी म्हटलं, माझ्या जागेवर, माझं टेबल पॅसेजमध्ये काढू.

पुढे दोन वर्षं मी पॅसेजमध्ये बसले. येणारा-जाणारा प्रत्येक जण चहाचा कप माझ्याच टेबलावर ठेवायचा.

नवीन यूपीएस बसल्यावर पहिल्यांदा लाईट गेली, तेव्हा काका सवयीने लगबगीने निघाले. मी धावत खाली गेले आणि त्यांना थांबवलं. मग आम्ही दोघं सावकाश शेडकडे निघालो. काका लेकीच्या हॉस्टेलबद्दल सांगत होते, मध्येच गुडघा चोळायला थांबत होते, आणि मीही थांबत होते. काही घाई नव्हती... अर्धा तास होता आमच्याकडे.