राईझ, रेझ आणि आमचा रविवारचा वर्ग

मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. लोक वर्गाबाहेर चपला काढतात ना, तसे ते किस्सेही दारात ठेवून जातात. वर्ग सुटला की आपण फक्त उचलायचे!

मी मूळची सांगलीची, सासरही तिथलंच. नवऱ्याला इथल्या एका केमिकल कंपनीत नोकरी लागली म्हणून बोईसरला आले आणि इथलीच झाले. सायकलच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथे दर रविवारी दुपारी माझा वर्ग भरतो. कंपनीतले कामगार, वाडी करणाऱ्या बायका, शाळा सुटून वीस-पंचवीस वर्षं झालेली मंडळी. या वर्गात सगळ्यात जास्त धुमाकूळ कोणी घातला असेल, तर वर जाण्याच्या क्रियापदाने. राईझ आणि रेझ! दोघं सख्खे भाऊ, पण एकासारखा दुसरा वागेल तर शप्पथ.

*

पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेने फळ्यावर लिहिलं, ‘स्वतः वर जाणं म्हणजे राईझ. दुसऱ्याला वर नेणं म्हणजे रेझ.’ सूर्य राईझ होतो, झेंडा आपण रेझ करतो. कळलं?

“कळलं!” सगळे एका सुरात.

“मग ज्यांना कळलं त्यांनी, रेझ हँड्स!”

पुढच्या बाकावर सुलोचनाकाकू होत्या. समुद्राकडच्या गावच्या, चिकूची वाडी आहे त्यांची. साठी ओलांडलेली, पण वर्गात सगळ्यांच्या आधी हजर. काकूंनी शेजारी बसलेल्या प्रवीणचं मनगट धरलं आणि त्याचा हात सरळ छताकडे नेला! प्रवीण एका कंपनीत सुपरवायझर, चांगला उंचापुरा माणूस. तो बिचारा हात वर करून माझ्याकडे बघतोय.

“काकू, त्याचा नाही, तुमचा हात!”

“तुमीच सांगितलं ना बाई, दुसऱ्याचा वर नेला का रेझ. माझा मी वर केला तं तो राईझ झाला!”

मी वळून फळ्याकडे बघितलं. फळा काकूंच्या बाजूने होता! हात आपलाच असला तरी तो आपण उचलतो, म्हणून रेझ, हे गळी उतरवायला मला पुढचे दोन रविवार लागले.

*

रामसागर आमच्या वर्गात कसा आला, ते ऐका. तो क्रेन चालवतो. बिहारकडचा, पण बोईसरमध्ये बारा वर्षं झाली. एका कारखान्यात नवं मशीन बसवायचं होतं आणि ते बसवायला परदेशी इंजिनिअर आला होता. मशीन क्रेनच्या हुकाला लटकवलं. जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. इंजिनिअर समोर उभा राहिला आणि ओरडला, “रेझ! रेझ!”

रामसागरला ऐकू आलं, रेस! आणि रेस म्हणजे काय, हे कुठल्याही ड्रायव्हरला शिकवावं लागत नाही. त्याने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरलं. मशीन आहे तिथेच.

इंजिनिअर दोन्ही हात हवेत नेत ओरडला, “रेझ! मोअर! रेझ!”

रामसागरने अजून दाबला. काळा धूर, कानठळ्या बसवणारा आवाज, ऑफिसमधली माणसं खिडकीत! इंजिनिअर कान झाकून नाचतोय, रामसागर घामाने निथळतोय, आणि मशीन त्याच वीतभर उंचीवर शांतपणे झुलतंय! शेवटी कोणीतरी धावत जाऊन हाताने खुणा केल्या, तेव्हा कुठे मशीन वर गेलं.

पुढच्या रविवारी स्वारी वर्गाच्या दारात. “मैडम, भर्ती कर लो. इतना रेस दिया, इतना रेस दिया, फिर भी साहब बोलता है और दे!”

*

एकदा मी प्रत्येकाला स्वतःच्या घरावर तीन वाक्यं करायला सांगितली. सुलोचनाकाकू ताडकन उभ्या राहिल्या.

“द सन राईझेस ॲट सिक्स. आय राईझ ॲट फोर.” मी खूश! चार वाजता उठून वाडीला पाणी लावणारी बाई, आणि व्याकरण एकदम चोख. मग काकू म्हणाल्या, “ॲट सेव्हन, आय रेझ माय हजबंड!”

मी हसू दाबत म्हटलं, “काकू, झोपेतून उठवण्याला वेक अप म्हणायचं. माणसाला रेझ केलं म्हणजे त्याला लहानाचं मोठं केलं, वाढवलं. मुलांना करतात तसं.”

 काकू पदर खोचत म्हणाल्या, “लगीन झालं तवा त्यांना चहासुदीक करता येत नव्हता, बाई. वाक्य बरोबर हाय. तसंच ऱ्हाऊ द्या!”

*

घरातला एक छोटासा. आमचं इंटरनेट दोन दिवस बंद होतं. मुलीने फोनवर कस्टमर केअरकडे तक्रार नोंदवली आणि ती ओरडली, “आई, तिकीट रेझ केलंय!”

आतल्या खोलीत सासूबाईंनी तिकीट एवढंच ऐकलं. अर्ध्या तासाने बघते, तर त्या नवं लुगडं नेसून, पिशवी भरून, सोफ्यावर बसलेल्या.

“सांगलीचं ना गं? कितीची गाडी?”

इंटरनेट त्याच दिवशी आलं. पण सांगलीला मात्र जावंच लागलं!

*

आता प्रवीण. तोच, ज्याचा हात काकूंनी रेझ केला होता. तो खानदेशातला, तोलूनमापून बोलणारा. त्याच्या कंपनीत भिंतीवर मोठा बोर्ड लावलाय, त्यात इंग्रजीत लिहिलंय की सेफ्टी कन्सर्न रेझ करा, म्हणजे धोका दिसला की कळवा. गोडाऊनच्या पायरीपाशी तेल ठिबकायचं. प्रवीणने मॅनेजरला तीनदा सांगितलं. तीनदा उत्तर एकच, “बघू.”

मग प्रवीणने वहीतला माझा धडा उघडला. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये प्रत्येक टेबलापाशी जाऊन तो शांतपणे विचारू लागला, “त्या पायरीवरून घसरलो तर डोकं आधी आपटेल की कंबर?” सुट्टी संपायच्या आत अख्खी शिफ्ट पायरीभोवती गोळा! कोणी खाली उतरेना. शेवटी मॅनेजर स्वतः धावत आला. गळती बंद झाली, पायरी पुसली गेली, वर खरखरीत पट्ट्याही लागल्या.

“प्रवीण, हा काय गोंधळ घातलास?” मॅनेजर वैतागून म्हणाला.

प्रवीणने बोर्डाकडे बोट दाखवलं. “सर, कन्सर्न म्हणजे काळजी. रेझ म्हणजे वाढवणं. तुमची काही वाढेना, म्हणून मी सगळ्यांची वाढवली!”

*

आणि हा शेवटचा. 

पाम गावची मंगल. एका कंपनीत पॅकिंगला आहे. वर्गात मागे बसायची, तोंडातून शब्द नाही. एकदा ती विम्याचा फॉर्म घेऊन आली. एका रकान्यात नुसतं ‘इश्यू’ असं लिहिलं होतं. “बाई, हे काय?” मी सांगितलं, जुन्या कागदी इंग्रजीत इश्यू म्हणजे मुलंबाळं. तिने दोन लिहिलं, पेन बंद केलं आणि गेली.

तिच्या पॅकिंगमधल्या बायकांना कपडे बदलायला खोली नव्हती. खोक्यांची रास रचून, एकीने पहारा द्यायचा आणि दुसरीने बदलायचं, असं चार वर्षं चाललं होतं. आता तिथे खोली आहे, आतून कडी, खुंट्या, आरसा, सगळं आहे. मी स्वतः बघून आले. ती कशी झाली, ते मला तिच्याबरोबरच्या तिघींनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि तिघींचा शब्दन् शब्द जुळला.

मुंबईहून हेड ऑफिसचे मोठे साहेब आले होते. सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, भाषण झालं, टाळ्या झाल्या. साहेब निघणार तेवढ्यात मंगल उभी राहिली. “साहेब, खोलीचं बोलायचं हाय.”

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि शेजारच्या एचआरच्या माणसाला इंग्रजीत म्हणाले, “टेल हर नॉट टू रेझ इश्यूज टुडे.” म्हणजे आज तक्रारी काढू नको म्हणावं.

एचआरवाला मराठीत सांगायला वळला. मंगलने त्याला हातानेच थांबवलं. “ऱ्हाऊ द्या. कळलं मला.”  मग ती सरळ साहेबांकडे वळली.

“सर,” ती म्हणाली, “माय हजबंड एक्स्पायर्ड. टू इश्यूज आय रेझ्ड. अलोन. वन नर्स, वन आयटीआय.”

मग तिने पॅकिंगच्या दिशेने बोट दाखवलं.

“धिस वन इज स्मॉल, सर.”