सुमनअक्काने लिहिलेली लाल ओळ

सुमनअक्कावर अन्याय झाला तो नव्व्याण्णवच्या ऑगस्टमधल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सव्वाअकराला, जयनगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, आठ माणसांच्या देखत. पाच आठवड्यांपूर्वी ती गेली. माझी चुलतबहीण, वय एकोणतीस. डॉक्टरांनी कावीळ लिहिलं. जेवण तिने त्या सोमवारपासूनच सोडलं होतं, ते कुठल्याच कागदावर नाही...

एका रक्तपेढीसाठी ती वेबपान लिहीत होती. लांबच्या दवाखान्यांनी त्यावर रक्ताची मागणी टाकायची. मल्लेश्वरमच्या आमच्या स्वयंपाकघरात डोशाचं पीठ ढवळत तिने मला ते समजावलं होतं. "बटण दाबलं की पान मागच्या मागे सर्व्हरला विचारतं. समोरचं पान जागचं हलत नाही. उत्तर स्वल्प उशिरा येतं. कधी सर्व्हरला नोंदच करता येत नाही रे, मग तो पाचशे हा आकडा परत पाठवतो. तो वाचायचा, आणि लाल अक्षरांत सांगायचं, मागणी पोचलेली नाही, फोन करा." एवढं साधं. मॅनेजरला ते खुपलं. गिऱ्हाइकाला पान दाखवायचं होतं. म्हणाला, लाल काढ, बटण दाबताक्षणी 'मागणी मिळाली' दिसू दे. "लाल अशुभ म्हणे," अक्का घरी येऊन हसली, "उद्यापासून कुंकू निळं लावून जाते!" तीनदा ती नाही म्हणाली. चौथ्यांदा तो तिच्या खुर्चीमागे उभा राहिला, आणि तिने ती ओळ काढली. तिनेच काढली, हे मी लपवत नाही.

पुढे एका शनिवारी दुपारी आनेकलच्या एका प्रसूतिगृहातून मागणी गेली. सर्व्हरला नोंद करता आली नाही, त्याने पाचशे परत पाठवला. तो वाचणारं पानात काहीच उरलं नव्हतं. पडद्यावर 'मागणी मिळाली'. नर्स दोन तास रक्ताच्या गाडीची वाट बघत राहिली. बाळंतीण गेली.

सोमवारी मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "सुमनने एरर तपासलीच नाही."

"तपासली होती, सर. तुम्ही काढायला लावलीत."

"कोणी ऐकलं?" त्याने खोलीभर नजर फिरवली. कोणी कीबोर्डकडे बघितलं, कोणी चहाच्या कपात. संध्याकाळच्या आत तिला कामावरून काढून घरी पाठवलं.

त्याच आठवड्यात ती बसने आनेकलला गेली. बाळंतिणीच्या सासूसमोर उभं राहून कन्नडमध्ये सगळं सांगितलं, स्वतःच्या हाताने काढलं तेही. त्या बाईने शिव्या दिल्या नाहीत. नातवाला मांडीवर घेऊन म्हणाली, "बस अक्का, उन्हातून आलीस..." हे सांगताना सुमनअक्का पहिल्यांदा रडली.

आता बाजारात लोक काकांना विचारतात, "तुमच्याच मुलीमुळे ना ती बाई गेली?" काका पिशवी उचलून परततात. पंधरा दिवस झाले, भाजी मीच आणतो.

तिच्या डाव्या-उजव्या टेबलांवरचे तुम्ही दोघं पुण्याहून आलेले. मी हे ज्यात लिहितोय तो अंक तुमच्या घरी येतो, मला ठाऊक आहे. मॅनेजर तिच्या खुर्चीमागे उभा राहून काय म्हणाला, ते तुम्ही हातभर अंतरावरून ऐकलंत. नोकरी जाईल, ही भीती मला कळते. तिची गेलीच होती. येत्या रविवारी सकाळी मल्लेश्वरमला या, काकांसमोर बसा, आणि जे ऐकलंत ते त्यांना तोंडाने सांगा.